कथा-कादंबऱ्यांचं कपाट लावताना

भाऊ, शाळेच्या ग्रंथालयातली पुस्तकं प्रकारानुसार लावायची, तर सगळी कपाटं एकदम उपसू नका. एप्रिलअखेर पुस्तकं जमा झाली की फक्त कथा-कादंबऱ्या बाजूला काढा. ड्युईच्या पद्धतीत, म्हणजे ग्रंथालयात पुस्तकांना विषयवार आकडे देतात त्या पद्धतीत, हे सगळं ८९१.४६३ खाली येतं. भुताची गोष्ट, शिवकाल, विज्ञानकथा, सगळ्यांना एकच आकडा. सातवीच्या पोराला त्याचा काय उपयोग?

प्रकार पाच-सहाच करा: रहस्य, साहस, ऐतिहासिक, विज्ञान, विनोदी, गावाकडच्या गोष्टी. जास्त केलेत तर परत ठेवताना तुम्हीच अडकाल. फास्टर फेणे रहस्यात की साहसात, हा वाद होणारच. मुलं जिथे शोधतात तिथे ठेवा, पण मालिका फोडू नका.

दाखल क्रमांकाला, म्हणजे पुस्तक आलं तेव्हा नोंदवहीत दिलेल्या क्रमांकाला, हात लावायचा नाही. तपासणीला तोच विचारतात. नोंदवहीत प्रकाराचा रकाना तेवढा वाढवा.

प्रत्येक प्रकाराला एक रंग ठरवा. त्या रंगाची पट्टी पुस्तकाच्या पाठीवर, खालून एकाच उंचीवर लावा आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी मारा. जळगावच्या मे महिन्यात नुसता गोंद टिकत नाही, पत्र्याच्या खोलीत तर विचारूच नका.

अहिराणी पुस्तकं वेगळ्या कोपऱ्यात टाकू नयेत, असं माझं मत. विनोदी असेल तर विनोदीतच, पट्टीवर एक टिंब देऊन. रंगांचा तक्ता कपाटाच्या दारावर लावा, पाचवीच्या मुलांना दिसेल इतका खाली.