'समय' लिहिला कुणी?

प्रश्न : सुट्टीत नातवंडांना घेऊन जुनं 'महाभारत' परत लावलंय. तो समय बोलायला लागला की पोरंपण गप्प बसतात. आवाज हरीश भिमाणींचा हे आमच्या अख्ख्या गल्लीला माहितीय, पण ती वाक्यं लिहिली कुणी?
– एक आजी, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : आजी, लई बरं वाटलं हे विचारलंत म्हणून. राही मासूम रझा. गाझीपूर जिल्ह्यातल्या गंगौलीचे, अलीगढच्या विद्यापीठात शिकवायचे, नंतर मुंबईत येऊन सिनेमांचे संवाद लिहिले, 'गोलमाल'चे सुद्धा त्यांचेच. १९८८ ते ९० मध्ये 'महाभारत' लागलं की रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, तेव्हा कृष्ण, भीष्म, शकुनी घराघरात पोचले, बी. आर. चोप्रांचं नाव झालं, आणि लिहिणारा मात्र टायटलमधल्या एका ओळीत राहिला.

आता त्या समयाचंच बघा. गोष्ट राजा भरतापासून सुरू होते, मग शंतनू, पिढ्यांवर पिढ्या, नावांचा नुसता गुंता, आणि भाग यायचा आठवड्यातून एकदा, म्हणजे मागचं विसरायला आठ दिवस मोकळे. सांगणारा कुणीतरी पाहिजेच. व्यासांना बोलायला लावता आलं असतं, पण ते तर दोन्हीकडच्यांचे आजोबा, घरातलेच. काळ कुणाचाच नातेवाईक नाही, तो काल काय झालं तेही सांगतो, पुढं काय होणार तेही, आणि चुकलेल्याला चुकला म्हणायला कचरत नाही. पडद्यावर ना नट, ना सेट, नुसतं आकाश आणि फिरणारं चक्र, सगळा भार शब्दांवर, तरी पोरं गप्प बसतात म्हणजे लेखणीत किती जोर असेल! माझ्या मते अख्ख्या मालिकेतली सगळ्यात भारी कल्पना हीच. आणि ते 'मामाश्री', 'पिताश्री', जे पोरांच्या तोंडी बसलं, तेही त्यांच्याच संवादांतलं.

मुसलमानानं महाभारत का लिहायचं, अशी पत्रंही आली होती म्हणतात. लिहिणं काही थांबलं नाही. मालिका संपली १९९० ला, आणि १९९२ मध्ये ते गेले.

आपल्या कोल्हापुरात भालजी पेंढारकर स्वतःच लिहायचे आणि स्वतःच दिग्दर्शन करायचे, म्हणून लेखक भालजीपण लोकांच्या लक्षात राहिले. टीव्हीत तसं होत नाही, कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि ती नावं वाचायच्या आत सरकतात. तेवढं एक करा, सुरुवातीची नावं पुढं ढकलू नका, नातवंडांना मोठ्यानं वाचायला लावा. त्यातलं कुणी कॉलेजला असेल आणि हिंदी वाचत असेल तर रझांची 'आधा गाँव' द्या हातात, फाळणीच्या आसपासचं त्यांचं गंगौली आहे त्यात, आणि तुम्हीपण वाचा.