बिटकॉइनचं नंतर बघू, आधी पीएफचा क्लेम टाका

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. मिस्टर पाच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेले, वय 41, कंपनीत नोकरीत असतानाच. मृत्युपत्र नाही, मुलगा 8 वर्षांचा. त्यांच्या मोबाईलवर एका भारतीय एक्स्चेंजच्या ॲपमध्ये अडीच लाखांचं बिटकॉइन सापडलं, ते विकू की मुलाच्या कॉलेजसाठी ठेवू, एवढाच प्रश्न. पण पुढे सहज लिहिलंय की मोबाईलचा पिन माहीत होता म्हणून त्यांच्या यूपीआयवरून 3 लाख स्वतःच्या खात्यात घेतले, 4 लाखांचा म्युच्युअल फंड ओटीपी टाकून काढला, आणि 9 लाखांच्या पीएफला लग्नाआधीपासून सासूबाई नॉमिनी आहेत म्हणून तिकडे गेलेच नाही.

ताई, तुमचं दुःख मोठं आहे आणि घर चालवायचं होतं हेही समजतं, पण त्यांच्या नावाने व्यवहार करणं आजपासून बंद. माणूस गेला की त्याचा पिन, ओटीपी वापरायचा हक्क बायकोलाही राहत नाही. डेथ सर्टिफिकेटवर एक तारीख आणि फंड काढल्याची त्यानंतरची, उद्या दीर-नणंदेपैकी कुणी तक्रार केली तर काय उत्तर देणार? आणि हे पैसे एकट्या तुमचे नाहीतच. हिंदू वारसा कायद्यात बायको, मूल आणि आई, तिघांना सारखा वाटा. 3 अधिक 4 अधिक बिटकॉइनचे अडीच, साडेनऊ लाख झाले, म्हणजे सासूबाईंचे सव्वातीनच्या आसपास. सगळा हिशोब तारखांसकट वहीत लिहा, सासूबाईंना स्वतःहून दाखवा, मग सर्टिफिकेट घेऊन बँकेत आणि फंडाकडे जा.

सिम मात्र बंद करू नका, रिचार्ज चालू ठेवा, 90 दिवस वापर नसला की नंबर बंद होऊन दुसऱ्याला जाऊ शकतो. आणि त्यांच्या गुगलवरचे फोटो उतरवून घ्या, दोन वर्षं न वापरलेलं अकाउंट गुगल डिलीट करू शकतं.

आता तुम्ही विचारलंच नाही ते. लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन लग्न झालं की आपोआप रद्द होतं, त्यामुळे ते 9 लाख कुटुंबाचे आहेत, तुमचा आणि मुलाचा हक्क आहेच, सासूबाई त्यांच्यावर अवलंबून असतील तर त्यांचाही. शिवाय नोकरीत असताना माणूस गेला की ईडीएलआयचा, म्हणजे पीएफला जोडलेला, विमा मिळतो, ज्याचा हप्ता कंपनी भरत असते आणि घरी कुणाला माहीतच नसतं! 15 हजार पगार धरून 35 पट म्हणजे सव्वापाच लाख, वर पीएफ शिलकीच्या निम्मे पण जास्तीत जास्त पावणेदोन, झाले 7 लाख. तुमच्या आकड्यांत पूर्ण 7 बसायला हवेत. वर पीएफच्याच पेन्शन योजनेतून तुम्हाला विधवा पेन्शन आणि मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत. रक्कम थोडी असेल पण दर महिन्याची आहे. मृत्यूनंतरच्या क्लेमचा एकच कंपोझिट फॉर्म असतो, तिन्ही त्यात येतं, कंपनीच्या एचआरकडून सही घ्या, याच आठवड्यात.

बँकेतल्या साहेबांनी सुचवलेला वर्षाला 3 लाखांचा, 12 वर्षांचा गॅरंटीड प्लॅन, त्याला स्पष्ट नाही म्हणा. तुमचा पगार महिना 32 हजार, खर्च 45, म्हणजे वर्षाला दीड लाख आधीच कमी पडतात आणि हा माणूस तुमच्याकडून 36 लाखांचं वचन घेतोय, नवरा जाऊन पाच महिने झालेल्या बाईला हे विकायला येतात याचा मला खरंच संताप येतो. टर्म इन्शुरन्सचे आलेले 40 लाख दोन-तीन बँकांत एफडीत ठेवा, 7 टक्के धरले तर पावणेतीन लाख व्याज येईल, तूट भागेल. एक वर्ष बाकी काही घेऊ नका.

बिटकॉइन. दहा वर्षांत 50 लाख होईल असं तुमचा भाऊ म्हणतो, म्हणजे वीसपट, म्हणजे दरवर्षी 35 टक्के न चुकता. असल्या आशेवर मुलाचं कॉलेज ठेवू नका. एक्स्चेंजला डेथ सर्टिफिकेट आणि वारसाची कागदपत्रं पाठवा, रीतसर तुमच्याकडे आलं की विका. त्यांनी 1 लाखाला घेतलेलं, नफा दीड, त्यावर 30 टक्के टॅक्स आणि सेस मिळून 47 हजार जातील, उरलेल्या दोन लाखांचे तीन वाटे करा आणि मुलाचा त्याच्या नावाने टाका.