घराच्या जिन्यातून निघालेला हिरवा भुंगेरा किती वर्षे लाकडात होता, आणि आता फवारणी करावी का?

आपण विचारले आहे की, कॅनडातील व्हँकुव्हरमधील वीस वर्षांच्या घरात जिन्याच्या पायरीवर सोनेरी कडांचा चकचकीत हिरवा भुंगेरा सापडला व फळीला एक छिद्र दिसले; तो इतकी वर्षे आत असेल का, आणि घरभर फवारणी करावी का. वर्णनावरून तो ‘ब्युप्रेस्टिस ऑरुलेंटा’ असावा. उत्तर अमेरिकेतील रॉकी पर्वताच्या पश्चिमेकडील जंगलांत, विशेषतः डग्लस फर आणि पाइनच्या झाडांवर, तो आढळतो.

मादी सालीच्या भेगांत किंवा उघड्या पडलेल्या लाकडावर अंडी घालते. अळीची वाढ एरवी काही वर्षांत पुरी होते. परंतु मध्येच झाड तोडून त्याच्या फळ्या पाडल्या गेल्या, तर वाळत चाललेल्या लाकडात ओलावा आणि पोषण दोन्ही तुटपुंजे असल्यामुळे ती वाढ रखडते आणि अळी वर्षानुवर्षे लाकूड कुरतडत राहते. इंग्लंडमधील एसेक्समध्ये १९८३ साली एका घराच्या जिन्यातून हा भुंगेरा किमान ५१ वर्षांनी बाहेर पडल्याची नोंद आहे. अंडी नंतर घातली गेली नसतील कशावरून, ही शंका रास्त आहे. पण हा कीटक मूळचा ब्रिटनचा नाही. तेव्हा अळी उत्तर अमेरिकेतून आलेल्या लाकडातच असणार, आणि जिना बसवल्याचे वर्ष तिचे किमान वय ठरवते. मला या नोंदीतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्या घराच्या बाबतीत असा पुरावा मिळणार नाही, कारण व्हँकुव्हरकडे हा भुंगेरा भोवतालच्या रानात असतो आणि जळाऊ लाकडातूनही घरात येतो. म्हणून छिद्र नीट पाहा. ते लंबगोल, स्वच्छ काठाचे आणि आतून ताजे, फिकट रंगाचे असेल, तर भुंगेरा तिथूनच निघाला असे मानायला हरकत नाही, आणि वीस वर्षांचा काळ मुळीच अशक्य नाही. बारीक गोल छिद्रे पुष्कळ असतील आणि त्यांतून पिठासारखा भुसा गळत असेल, तर तो घुण आहे व त्याचा बंदोबस्त निराळा.

फवारणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. औषध खोलवरच्या अळीपर्यंत पोहोचत नाही, आणि घरातील कोरड्या, रोगण दिलेल्या लाकडावर ही मादी सहसा पुन्हा अंडी घालत नाही. छिद्रात लांबी (पुट्टी) भरा. पुढे नवे लाकूड घ्याल, तेव्हा भट्टीत वाळवलेलेच मागा. त्या उष्णतेत अळ्या मरतात.