लोकशाही हुकूमशाहीकडे झुकू लागली आहे, हे सामान्य नागरिकाने कशावरून ओळखावे?

निवडणुका होतात की नाही एवढ्यावर न थांबता, सत्ताधाऱ्यांना ‘हे चालणार नाही’ असे सांगू शकणारी न्यायालये, वृत्तपत्रे आणि सभागृहे कायद्याच्याच आधाराने दुबळी केली जात आहेत का, हे पाहावे. सोलापुरात राज्यशास्त्र शिकवताना मी दोन उदाहरणे आवर्जून देतो. हंगेरीत २०१० साली दोन तृतीयांश बहुमताने आलेल्या सरकारने न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ७० वरून ६२ वर आणले. दिसायला ही साधी प्रशासकीय सुधारणा होती, पण तिने अनेक ज्येष्ठ न्यायाधीशांना एकदम घरी बसवले. आपल्याकडे १९७५ च्या आणीबाणीत बातम्या छापण्याआधी तपासल्या जात, ४२ व्या घटनादुरुस्तीने लोकसभेची मुदत ५ वरून ६ वर्षे झाली, आणि १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागण्याचा हक्कच नाकारला, तेव्हा पाच न्यायमूर्तींपैकी एकट्या हंसराज खन्ना यांनी विरोधी मत नोंदवले. असा एकटा आवाज उरणे, हे मला सर्वांत गंभीर लक्षण वाटते. मात्र एकाच घटनेवरून निष्कर्ष काढू नये. २०२२ मध्ये मुदत संपल्यावर सोलापूर महापालिकेवर प्रशासक आला, त्यामागे आरक्षण व प्रभागरचनेचे न्यायालयीन वाद होते, म्हणून त्याला हुकूमशाही म्हणता येणार नाही. तरीही त्या प्रशासकाच्या काळात पाणी चार-पाच दिवसांआड आले तर सभागृहात जाब विचारणारा नगरसेवकच नव्हता, ही उणीव नागरिकांनी क्षुल्लक मानू नये.