‘डायस्पोरा’ला ‘परागंदा’ म्हणावे काय?

प्राचीन काळी भूमध्य समुद्राभोवती पसरलेल्या ज्यू वस्त्यांविषयी मराठीत लिहिताना ‘डायस्पोरा’ला ‘परागंदा समाज’ हा प्रतिशब्द चालेल काय, असा प्रश्न आला आहे.

केवळ व्युत्पत्ती पाहिली तर याहून जवळचा शब्द मिळणे कठीण आहे. ‘परागंदा’ फारसीतून आला आणि तेथे त्याचा अर्थ ‘विखुरलेला’ एवढाच आहे. ग्रीक ‘दिआस्पोरा’ही विखुरण्याचाच शब्द आहे, त्यातील मूळ क्रियापदाचा अर्थ पेरणे असा असला, तरी ही पेरणी पाभरीची नव्हे, मुठीने बी फोकण्याची आहे. मात्र मराठीत परागंदा झालेला माणूस कर्जापायी, दुष्काळामुळे किंवा राजाच्या भीतीने घरदार सोडून गेलेला असतो, आणि शब्दाला चिकटलेली ही छटा आता पुसता येणार नाही.

सक्तीच्या हद्दपारीसाठी हिब्रूत ‘गालुत’ आणि ‘गोला’ हे स्वतंत्र शब्द आहेत. इ. स. पू. ५८६च्या सुमारास जेरुसलेम पाडून तेथील लोकांना बाबिलोनला नेण्यात आले, ते गालुत. आपली ‘देशोधडी’ त्याच्या अगदी जवळची आहे. पण इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून हिब्रू धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणणाऱ्या अनुवादकांनी या दोन शब्दांसाठी ‘दिआस्पोरा’ योजला नाही. तेथे त्यांनी बंदिवास, स्थलांतर अशा अर्थाचे ग्रीक शब्द वापरले. उलट ‘अनुवाद’ (Deuteronomy) या बायबलमधील ग्रंथाच्या अठ्ठाविसाव्या अध्यायातील शापांच्या यादीत, जेथे हिब्रू मूळ ‘सर्व राज्यांना तुझी दहशत वाटेल’ अशा आशयाचे आहे, तेथे त्यांनी ‘तू सर्व राज्यांत दिआस्पोरा होशील’ असे लिहिले. शब्द शापाच्या यादीतला आहे हे खरे, पण तो गालुतचा पर्याय नाही.

शिवाय या वस्त्यांतील सगळेच लोक हाकलले गेलेले नव्हते. नाईल नदीतील एलेफंटाइन बेटावर इ. स. पू. पाचव्या शतकात ज्यू सैनिक इराणी सम्राटाच्या पदरी होते आणि त्यांचे स्वतःचे मंदिरही होते. रोममध्ये मात्र युद्धकैदी म्हणून आणलेले आणि पुढे गुलामगिरीतून सुटलेले ज्यू पुष्कळ होते, म्हणजे सक्ती अजिबात नव्हती असेही नाही. अलेक्झांड्रियाचा तत्त्वज्ञ फिलो पहिल्या शतकात लिहितो की, ज्यू लोक जेरुसलेमला मातृनगरी मानतात, पण पिढ्यान्‌पिढ्या जेथे जन्मले आणि वाढले तो देश त्यांना आपली पितृभूमी वाटतो. असे म्हणणाऱ्याला परागंदा कसे म्हणावे? इ. स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केल्यावर ज्यू जगभर विखुरले, हे मराठीत वारंवार आढळणारे विधानही यामुळेच अपुरे ठरते, कारण फिलो त्याच्या आधीचा आहे.

‘अनिवासी’ला बँकेच्या अर्जाचा वास येतो आणि ‘निर्वासित’ला छावणीचा, म्हणून तेही सोडावेत. साधा ‘विखुरलेला ज्यू समाज’ मला सर्वांत निर्धोक वाटतो. नाम हवे असेल तेथे ‘डायस्पोरा’च ठेवावा. बाबिलोनचा प्रसंग असेल तर मात्र ‘देशोधडी’ बेलाशक लिहावे.