शिरोरेषेसाठी संगणकाचा फळा

प्रश्न : बडोद्यात दांडिया बाजार भागात आम्ही दर रविवारी मुलांसाठी मराठीचा वर्ग चालवतो. मुले शाळेत गुजराती लिहीत असल्याने देवनागरी लिहिताना त्यांची शिरोरेषा हमखास राहून जाते. वर्गात प्रोजेक्टर आणि जुना लॅपटॉप आहे, इंटरनेटचा मात्र भरवसा नाही. अधूनमधून वापरत असलेला गूगलचा जॅमबोर्ड हा ऑनलाइन फळाही आता बंद झाला. फळ्यासारखे वापरता येईल असे मोफत सॉफ्टवेअर सुचवाल का?
– एक शिक्षिका, बडोदे

उत्तर : जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद झाला. कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असलेल्या साधनाचे असेच व्हायचे, म्हणून या वेळी लॅपटॉपमध्येच राहणारे 'ओपनबोर्ड' घ्यावे, असे मी सुचवीन. त्याचे मूळ स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात तयार झालेल्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते मोफत आणि मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांसाठी खुला) असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते.

तुमची अडचण शिरोरेषेची आहे आणि तेथे हा फळा खरोखर उपयोगी पडेल. पानाला रेघांच्या वहीसारखी पार्श्वभूमी निवडा. गुजरातीतील 'ग', 'म', 'न' ही अक्षरे देवनागरीच्या अगदी जवळची, फक्त डोक्यावरच्या रेघेविना असतात. ती गुजराती टंकात मोठी टाइप करून जागीच कुलूपबंद करा आणि मुलांना लाल पेनाने शिरोरेषा ओढायला सांगा. खोडरबर पेनाच्या रेघाच पुसतो, टाइप केलेले अक्षर तसेच राहते, त्यामुळे पुढच्या मुलासाठी पान पुन्हा मांडावे लागत नाही. 'क' किंवा 'च' यांची गुजराती वळणेच निराळी असल्याने त्यांना ही युक्ती लावू नये.

प्रोजेक्टर जोडल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'एक्स्टेंड' निवडल्यास साधनांच्या पट्ट्या तुमच्या पडद्यावर राहतात आणि भिंतीवर केवळ पान दिसते.

एक भ्रम मात्र आधीच दूर करतो (दुकानदार तो सहसा दूर करत नाहीत) : सॉफ्टवेअर टाकल्याने साधी भिंत स्पर्शाला दाद देऊ लागत नाही. माउसने अक्षराचे वळण साधत नाही, तेव्हा खर्च करायचाच असेल तर लहानशा पेन टॅब्लेटवर (लॅपटॉपला जोडून पेनाने लिहायच्या पाटीवर) करावा. तो हातोहात फिरवता आला की मुले जागेवरूनच लिहितील.

पालकांना पाने पाठवताना ती पीडीएफ करून पाठवावीत, कारण ओपनबोर्डची मूळ फाइल त्यांच्या मोबाइलवर उघडणार नाही.