रात्रीचा जॉब पडला तर कळणार कसं?

प्रश्न : सर, मी आमच्याकडच्या एका पतसंस्थेचा सर्व्हर बघतो. रात्री 2 ला व्याजाचा जॉब, म्हणजे व्याज लावणारा प्रोग्रॅम, क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालतो, तो सलग तीन रात्री पडला आणि आम्हाला कळलं कधी, तर एक आजी पासबुक घेऊन काउंटरवर आल्या तेव्हा. काय करू?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीत, मेलटू (मेलचा पत्ता) लिहिलं की मेल येतो खरा, पण जॉब फेल झाला का ते क्रॉन बघतच नाही, जॉबनं काही छापलं तरच पाठवतो, म्हणजे गप पडलेला जॉब गपच राहतो बघा. म्हणून एक्झिट कोड, म्हणजे जॉब संपताना देतो तो आकडा, तपासा, शून्य म्हणजे नीट झालं, शून्य नसला की लगेच मेसेज. आणि जॉबच्या कमांड बॅशमध्ये लिहिल्या असतील तर पाइपफेल लावाच, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या कमांडपैकी एक जरी पडली तरी कळतं, नाहीतर डंप (डेटाची प्रत काढणं) फेल होऊन पुढचं जीझिप (ती प्रत दाबून लहान करणं) नीट चाललं की कोड शून्यच येतो.

खरी भानगड वेगळीच, लाईट जाऊन सर्व्हरच बंद पडला तर मेसेज पाठवणार कोण? तेव्हा उलटं करा, जॉब नीट संपला की दुसऱ्या जागेच्या मशीनला खूण जाऊ दे, 4 पर्यंत खूण नाही आली तर तिथनं तुमचा फोन वाजला पाहिजे. आणि एकदा टेस्ट सर्व्हरवर मुद्दाम जॉब पाडून बघा.